फुल टँग म्हणून विकलेल्या शिकारीच्या सुरीची तक्रार

प्रति,
प्रमुख, ग्राहक सेवा विभाग

विषय: भेट म्हणून घेतलेल्या सुरीची मूठ वापरात निखळल्याबाबत आणि विक्रीच्या वेळी दिलेल्या चुकीच्या माहितीबाबत

महोदय,

तुमच्या कंपनीकडून घेतलेली शिकारीची सुरी पहिल्याच हंगामात मुठीतून सुटली. ती माझ्या थोरल्या भावाच्या हातात होती. त्याच्या तळव्याला पाच टाके पडले. तुमच्या ग्राहक सेवेकडे मी दोनदा लिहिले आणि दोन्ही वेळा एकच ओळ आली: नाव कोरलेली वस्तू परत घेतली जात नाही. म्हणून आता सगळे सविस्तर लिहिते आहे. पावती, ऑर्डरचा तपशील आणि फोटो सोबत आहेत.

दादा राहतो तिथे परवाना काढून हंगामात शिकार करता येते आणि तो ती वर्षानुवर्षे नियमाने करतो. त्याची जुनी सुरी धार लावून लावून निम्मी झिजली होती. त्याच्या पन्नासाव्या वाढदिवसाला नवी द्यावी असे मी ठरवले. मी स्वतः शिकार करत नाही. दुसऱ्याच्या हातात जाणारे हत्यार आपण पारखू शकत नाही, याची मला जाणीव होती, म्हणून महिनाभर वाचले, माहीतगारांना विचारले आणि मगच निवड केली.

नक्षीदार पाते मी मुद्दाम टाळले, कारण तसली नक्षी साध्या पोलादावर आम्लानेही उठवता येते. दहा सेंटिमीटरचे पाते घेतले. सोलताना बोट पात्याच्या पाठीवर ठेवून टोक कुठे आहे ते अंदाजाने ओळखावे लागते, तिथे लांब पाते अडचणच करते. आकार ड्रॉप पॉइंट निवडला. त्यात पाठ टोकाकडे उतरत जाते, त्यामुळे पोट उघडताना टोक आतड्यात घुसण्याची भीती कमी असते. इथपर्यंत तुमची सुरी वर्णनाप्रमाणेच होती, हे मी मान्य करते. आली तेव्हा धारही चांगली होती.

पण मी सगळ्यात जास्त वेळ घालवला तो मुठीवर. रक्त आणि चरबीने हात निसरडा झालेला असतो, उजेड कमी असतो आणि सांधा सोडवताना पाते नुसते ओढायचे नसते, पिळावेही लागते. त्या वेळी सगळा जोर पाते आणि मूठ जिथे जुळतात तिथे येतो. तुमच्या वर्णनात 'फुल टँग' असे स्पष्ट लिहिले होते, म्हणजे पात्याचे पोलाद मुठीच्या शेवटापर्यंत, मुठीच्याच आकारात गेलेले. फोटोत मुठीच्या कडेने पोलादाची पट्टी दिसत होती आणि तीन रिव्हेट दिसत होते. मुठीत लपलेली बारीक टँग वाईटच असते असे नाही. ती नीट शेवटपर्यंत नेऊन पक्की केलेल्या कितीतरी उत्तम सुऱ्या आहेत. पण तुम्ही फुल टँग म्हणालात आणि मी त्याचेच पैसे मोजले.

दादा हरणाच्या मागच्या पायाचा सांधा सोडवत होता. मूठ आधी किंचित हलली, मग तडकून उघडली आणि पाते त्याच्या हातातच फिरले. नंतर मी ते तुकडे पाहिले. मूठ बारा सेंटिमीटरची. तिच्यात गेलेले पोलाद साडेचार सेंटिमीटर, तेही करंगळीपेक्षा अरुंद. कडेने दिसणारी 'पोलादाची पट्टी' वरून चिकटवलेली होती. तीनपैकी दोन रिव्हेटची नुसती डोकी होती, आरपार काहीच गेलेले नव्हते. चुकून घट्ट न बसलेला एखादा रिव्हेट मी समजू शकते. पण जे नाही ते असल्यासारखे दिसावे म्हणून पट्टी चिकटवणे, ही चूक कशी म्हणायची?

पोलादाबाबतही तेच. तुमच्या पानावर नुसते '440 स्टील' होते. 440ए, 440बी आणि 440सी या तिन्हींत कार्बनचे प्रमाण वेगवेगळे असते: 440ए मध्ये 0.60 ते 0.75 टक्के, तर 440सी मध्ये 0.95 ते 1.20 टक्के. धार किती टिकणार हे बरेचसे त्यावर ठरते. म्हणून खरेदीआधी मी लेखी विचारले. पहिले उत्तर आले 'प्रीमियम सर्जिकल स्टील'. हे कोणत्याही एका ठरलेल्या पोलादाचे नाव नाही, म्हणून पुन्हा विचारले. तेव्हा '440सी, कडकपणा रॉकवेल 58 ते 60' असे उत्तर मिळाले. ते मी जपून ठेवले आहे. दादाने सांगितले, की पहिल्या जनावराचे निम्मे कातडे सोलेपर्यंत धार दुमडली होती. मूठ तुटल्यावर मी पाते तपासून घेतले. तीन ठिकाणी आकडे आले 51, 52 आणि 51. कडकपणावरून पोलादाची जात कळत नाही, त्यामुळे ते 440सी नाहीच असा माझा दावा नाही. पण पाते नीट तापवून, पाणी देऊन कडक केलेले नाही, एवढे या आकड्यांवरून उघड आहे.

म्यानाबद्दल एवढेच, की शिलाईच्या आत जादा चामड्याची पट्टी घातलेली नाही. पात्याने टाके आतून कापले आहेत आणि पंधरा दिवसांत टोक बाहेर डोकावू लागले. कमरेला लावायच्या वस्तूत हे चालण्यासारखे नाही.

आता नाव कोरण्याबद्दल. कोरायची सोय तुम्हीच दिलीत आणि तिचे वेगळे पैसे घेतलेत. मनासारखी नाही म्हणून मी ती परत करत असते, तर तुमचा नियम मला मान्य होता. इथे सदोष आणि वर्णनाशी न जुळणारी वस्तू आहे. त्यावर कोरलेल्या दोन अक्षरांनी तो दोष माझा कसा होतो?

दादाने मला एका शब्दाने बोलून दाखवले नाही. उलट हाताला पट्टी बांधलेली असताना 'तू किती शोधून आणली होतीस' असे म्हणून माझीच समजूत काढली. ते मला टाक्यांपेक्षा जास्त लागले आहे.

माझ्या मागण्या अशा. सुरी, म्यान आणि कोरण्याचे मिळून सगळे पैसे परत करावेत आणि दादाच्या औषधोपचाराचा खर्च द्यावा. त्या पानावरून 'फुल टँग' हे शब्द आणि तो फोटो ताबडतोब काढावा. आणि ही सुरी ज्यांनी ज्यांनी घेतली आहे त्या सर्वांना ती वापरू नये असे कळवावे. यांपैकी शेवटच्या मागणीवर मी कोणतीही तडजोड करणार नाही. पैसे मिळाले तरी ती सोडणार नाही, कारण तशीच मूठ आज आणखी कोणाच्या तरी हातात असेल.

हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत लेखी उत्तर द्यावे. ते न आल्यास मी ग्राहक आयोगाकडे जाईन. तुटलेली सुरी माझ्याकडे जपून ठेवली आहे. तुमच्या माणसाला ती माझ्यासमोर तपासता येईल, पण लेखी पोच मिळाल्याशिवाय मी ती ताब्यात देणार नाही.

कळावे,
आपली एक ग्राहक

सोबत: पावतीची प्रत, पोलादाबाबतचा पत्रव्यवहार, तुटलेल्या मुठीचे फोटो, कडकपणा तपासणीचा अहवाल, औषधोपचाराची बिले