आईची कवळी

नौपाडा, ठाणे

प्रिय सदा,
सप्रेम नमस्कार.

आईला आता नीट खाता येतं का, असं तू फोनवर विचारलंस आणि मी नुसतं 'हो' म्हणून मोकळा झालो. सांगायचं खरं बरंच होतं.

कवळी बसवून महिना झाला. पहिले आठ दिवस हिरडी सोलवटली, मग डॉक्टरांनी एका बाजूने जरा घासून दिली. परवा तिने भाकरीचा पापुद्रा काढला आणि दुधात न बुडवता तसाच तोंडात टाकला. डोळे मिटून, दोन्ही बाजूंनी सावकाश चावत राहिली. माझा घास हातातच. गिळल्यावर म्हणाली, "गोड लागली रे." लाळेमुळे पिठातल्या पिष्टाची साखर व्हायला तोंडातच सुरुवात होते, हे आपण शाळेत शिकलो होतो. चार महिने नुसता दूधभात गिळणाऱ्या बाईला ती गोडी कुठून मिळणार!

त्याच रात्री आमची चिऊ आली, "आजी, मला मच्छरने काटलं." खाली खेळणारी पोरं हिंदी बोलतात. आई म्हणाली, "डास चावला म्हण." तर चिऊ म्हणते, "चावतो तर आपण पोळी!"

सदा, मला रात्रभर तेच सुचत राहिलं. हिंदीत चबाना वेगळं, काटना वेगळं. आपलं चावणं त्या चबान्यासारखंच संस्कृतातल्या 'चर्व्'वरून आलेलं, पण दोन्ही कामं एकटं करतं. आणि तरी घोटाळा होत नाही. 'तिने भाकरी चावली', पण 'कुत्रा तिला चावला'. खाताना 'ने' लागतो आणि क्रियापद भाकरीच्या मागे जातं. दुसऱ्याला दुखवलं की 'ने' गळतो, ज्याला दुखलं त्याला 'ला' लागतो, आणि क्रियापद कुत्र्याच्या मागे! जन्मभर बोलतोय, कधी लक्षातच आलं नव्हतं. मग दात नसले तरी चालतं. डासाला सोंड, विंचवाची नांगी शेपटीला, तरी दोघेही चावतात. नाथांच्या भारुडात तर काम-क्रोधाचा विंचू चावतो. परवा तलावपाळीला फेरी मारताना आईला नवी चप्पल चावली, टाचेला फोड आला.

चघळणं मात्र निराळं. त्याला दात लागत नाहीत. आई ते चार महिने खडीसाखर चघळायची. आमच्या इमारतीच्या पुनर्विकासाचा विषयही असाच सगळे चघळतायत. दर सभेला तेच मुद्दे, आता तर चावून चावून चोथा झालाय. उसाचा चोथा निदान थुंकून टाकता येतो. इथे आई रोज ऐकत असते. बांधकाम होईपर्यंत भाड्याच्या घरात राहावं लागेल, हे मी तिला सांगितलं तेव्हा तिने खालचा ओठ चावला आणि खिडकीबाहेरच्या शेवग्याकडे बघत राहिली. वडिलांनी लावलेला शेवगा. तेव्हापासून घरात तो विषय मी बंद केलाय. ठरेल तेव्हा ठरेल.

दिवाळीत नक्की ये. आणि साताऱ्याहून येताना या खेपेला कंदी पेढे नकोत, फुटाणे आण, असं आईने बजावून सांगितलंय.

तुझा,
अनिल