पेपर चारची वही

बाबू,

दिवाळीला आला तेव्हा तुझी स्पर्धा परीक्षेच्या पेपर चारची वही फडताळातच राहिली, ती एथिक्सची, म्हणजे नीतिशास्त्राची, निळ्या कव्हरची. थ्री फेज लाईन सध्या रातची आहे, तुझे बाबा ओलित करायला वावरात गेले की मला काही झोप लागत नाही, मंग तीच वाचत बसते. चार-पाच रातीत अख्खी वाचून काढली. अक्षर अजून तसंच आहे तुझं, कोंबडी चालून गेल्यासारखं. त्या दिवशी फोनवर तू म्हणाला ना, आई हे अडीचशे मार्काचं नुसतं रट्टा मारणं आहे, खरं कोण असं वागते. तेव्हा चुलीवर वरण उतू चाललं होतं म्हणून मी काही बोलली नाही, आता बोलते.

पहिल्याच पानावर तुझा सॉक्रेटिस आहे. ज्याला चांगलं काय ते खरंच कळलं तो वाईट वागूच शकत नाही म्हणे. तिथं मी पेन्सिलनं फुली मारून ठेवली आहे, रागवू नको, काहून मारली ते पुढं येते.

मला सगळ्यात आवडले ते दोन चिनी बुढे. मेन्सियस म्हणतो, लेकरू विहिरीत पडताना दिसलं की कोणाच्याही काळजात धस्स होते, तिथं माणूस त्याच्या मायबापाशी ओळख व्हावी म्हणून नाही धावत, लोकं वाहवा करतील म्हणून बी नाही, ते आतूनच येते, चांगुलपणाचा कोंब आधीच आहे, पाणी द्यायचं फक्त. अन् शुन्झी म्हणतो काहीचं काय, माणूस जन्मतः आपमतलबी, वाकड्या लाकडाला वाफ देऊन दाबून सरळ करावं लागते तसं त्याला वळण लावावं लागते. तू दोघांचा तक्ता केला आहे, इकडं हा तिकडं तो. आता माझ्या अंगणवाडीत सकाळी येऊन बस एकदा. परवाची गोष्ट, नवीन आलेली एक पोरगी रडत होती तर साडेतीन वर्षाच्या एका पोट्ट्यानं आपल्या तोंडातला अर्धा लाडू काढून तिच्या हातावर ठेवला, त्याले कोणी सांगितलं नव्हतं, लाळेनं ओला होता पण दिला. मी मदतनीस ताईला म्हटलं पाहा पाहा. आम्ही कौतुक करतच होतो तेवढ्यात त्याच पोट्ट्यानं तिला ढकलून तिच्या खाली असलेली चटई ओढून घेतली. अकरा वाजायच्या आत दोन्ही बुढे खरे ठरतात आमच्याकडं. तक्ता कशाचा करते.

मेन्सियसची दुसरी गोष्ट तुझ्या बाबाला वाचून दाखवली, सोंग राज्यातला शेतकरी, पीक लवकर वाढावं म्हणून एकेक कोंब वर ओढून आला अन् घरी येऊन सांगते आज लय थकलो, कोंबांना वाढायला मदत केली. पोरगा पळत जाऊन पाहते तर सगळं वाळून गेलं. बाबा हसले, म्हणे हा आपल्या गावचा दिसते.

कांटचा तो दुकानदार आहे ना, लहान पोरालाही बरोबर भावानं माल देते पण धंदा टिकावा म्हणून देते, तर त्याला नैतिक मोल नाही म्हणे. मी म्हणते बाप्पा लेकरू तर नाही फसलं. यावर तू आल्यावर भांडू.

आता फुलीचं सांगते. तू दहावीत होता त्या वर्षीचा पावसाळा. महिन्याचं वजन घ्यायचं होतं, मीटिंग लागली, घरी आजीचं दुखणं, अन् दोन-चार लेकरं आलीच नव्हती. मी रात्री रजिस्टर घेऊन बसली अन् मागच्या महिन्याच्या आकड्यात दोनशे ग्राम टाकून भरून दिलं. एका पोराचं नऊ किलो दोनशे होतं, नऊ चारशे लिहिलं. हात थांबला होता जरा, खोटं कशाला सांगू. दुसऱ्या महिन्यात त्याचे मायबाप कामासाठी बाहेर गेलेले, म्हातारी आजी काही आणेना, मी परत नऊ सहाशे लिहिलं, तेव्हा हात नाही थांबला. तिसऱ्या महिन्यात मी इतर लेकरांचंही तसंच केलं आणि चहा पीत पीत केलं. मला माहीत नव्हतं का वजन कशासाठी घेतात? ट्रेनिंगमध्ये मीच दुसऱ्यांना समजावून सांगत होती. मंग एक दिवस म्हातारी त्याला कडेवर घेऊन आली, काट्यात टाकलं तर आठ किलो शंभर. दोन वर्षाचं पोर. मी काटा दोनदा शून्यावर आणून पाहिला, वाटलं काटाच बिघडला असंन.

पोरगं वाचलं, दवाखान्यात ठेवलं, आता चौथीत आहे, तुला माहीत आहे तो, शिट्ट्या मारत जाते तो. आमच्या सुपरवायझर मॅडमनं विचारलं एका महिन्यात एवढं कसं उतरलं, मी म्हटलं उतरलं नाही, मी मोजलंच नव्हतं. बोलणी खाल्ली.

तुझ्या वहीत अॅरिस्टॉटलचं आहे बघ, गवंडी घर बांधून बांधून गवंडी होते, तसा माणूस न्यायानं वागून वागून न्यायी होते. पण तू अर्धंच लिहिलं. तो पुढं हेही म्हणतो की बांधण्यानंच चांगला गवंडी होते आणि बांधण्यानंच वाईट गवंडी होते, रस्ता एकच आहे. मी तीन महिन्यात झाली होती ना वाईट गवंडी.

आणि बुद्धाला तू दोन ओळी दिल्या बाबू. मध्यम मार्ग, अष्टांगिक मार्ग, झालं. आपल्या घरात! माझा आजा १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला होता, पायात चप्पल नव्हती त्याच्या. तू लहानपणी विहारात दर रविवारी पंचशील म्हणायचा, मुसावादा वेरमणी सिक्खापदं समादियामि, भरभर म्हणून खीर कधी भेटते ते पाहायचा. सिक्खापद म्हणजे शिकायची पायरी. खोटं बोलणं सुटलं असं नाही म्हणत आपण त्यात, सोडायचं शिक्षण घेतो असं म्हणतो, म्हणून तर दर वेळी परत घ्यावं लागते. धम्मपदात आहे, थेंबाथेंबानं माठ भरते, अन् ते पापालाही लावलं आहे आणि पुण्यालाही, लागोपाठच्या दोन गाथांत.

बुद्धानं राहुलला केलेला उपदेश वाच. बापानं पोराला सांगितलेलं आहे ते. पाय धुऊन भांड्यात थोडंसं पाणी ठेवलं अन् म्हणे, जाणूनबुजून खोटं बोलायची ज्याला लाज नाही त्याचं श्रमणपण, म्हणजे भिक्खूपण, एवढंसंच. मंग तेही ओतून टाकलं, भांडं उपडं करून दाखवलं. मंग विचारलं आरसा कशासाठी असते. करायच्या आधी पाहा, करताना पाहा, केल्यावर पाहा, आणि चुकलं दिसलं तर जाणत्या माणसाजवळ उघड करून सांग. राजस्थानात बैराटला अशोकाचा जो शिलालेख सापडला त्यात त्यानं जे उपदेश लोकांनी घडीघडी ऐकावे म्हणून नावानिशी सांगितले, त्यात हा राहुलचा आहे. हे लिही पेपरात, मार्क भेटतील.

उघड करून सांग, हे मी मॅडमपुरतं केलं, आज तुझ्याजवळ करत आहे. त्या म्हातारीजवळ नाही झालं. ती रोज अंगणवाडीसमोर ऊन खात बसते, अजूनही म्हणते बाई तुमच्यामुळं माझा नातू वाचला. मागच्या हप्त्यात मी तिच्याजवळ जाऊन बसली, तुरीच्या शेंगा सोलू लागली, टोपलीभर सोलल्या, अन् उठून आली.

उद्या वजनाचा दिवस आहे. वही अन् जवसाची चटणी गावातल्या पोराच्या हाती देते, तो परवाच्या गाडीनं पुण्याला येत आहे. पेन्सिलीचं खोडू नको.

तुझी आई