आबांना झोप देणाऱ्या सिस्टरताईंना

ताई, नमस्कार.

आबा गेले त्याला चार महिने झाले. तेराव्याच्या गडबडीत तुमच्याशी धड बोलता आलं नाही. तुमचं नाव इथं घालत नाही, पण वाचल्यावर तुम्हाला कळेलच.

आबांनी वीस हंगाम ऊस तोडला. तंबाखू त्याच्याही आधीची. गालाचा कॅन्सर निघाला, ऑपरेशन झालं, रेडिएशनचे शेक झाले, गेवराई ते संभाजीनगर चकरा झाल्या. आजार उलटला तेव्हा एका दवाखान्यात म्हणाले, "आता घरी न्या, सेवा करा." सेवा म्हणजे नेमकं काय करायचं, ते कुणी सांगितलं नाही.

तुम्ही पहिल्यांदा आलात तेव्हा जखमेच्या वासानं नातवंडं ओसरीवर फिरकत नव्हती. तुम्ही मेट्रोनिडॅझोलच्या गोळ्या कुटून पूड जखमेवर टाकायला शिकवलंत. वास कमी झाला आणि धाकटी पोरगी आपणहून आबांच्या बाजेवर जाऊन बसली.

दुखणं थांबवायच्या मॉर्फिनचं नाव ऐकून मी तुम्हाला तोंडावर बोललो, "बापाला नशा लावता का?" तुम्ही रागावला नाहीत. दर चार तासांनी एक गोळी नळीतून, रात्री निजताना दोन, आणि पोट साफ व्हायचं औषध चुकवायचं नाही. माझ्या आईला घड्याळ कळत नाही. तुम्ही तिला सांगितलंत, सहाची एसटी गेली की पहिली, शाळा भरली की दुसरी. आईनं एकही गोळी चुकवली नाही. पहिल्याच रात्री आबांना गाढ झोप लागली आणि आम्हीच जागे राहून त्यांचा श्वास बघत होतो.

दोन वर्षांपूर्वी माझी चुलती अशाच दुखण्यानं गेली. तिचं कण्हणं तीन गल्ल्यांत ऐकू यायचं. अमली पदार्थांच्या कायद्यात २०१४ सालीच दुरुस्ती होऊन मान्यता मिळालेल्या दवाखान्यांना मॉर्फिन ठेवणं सोपं झालंय, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा मला तीच आठवली. गोळी होती, तिच्यापर्यंत आली नाही. गरज असलेल्या शंभरांतल्या १४ जणांनाच जगात अशी दुखणं हलकं करणारी सेवा (पॅलिएटिव्ह केअर) मिळते, असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते. आमच्या आशाताईंकडे तुमचा नंबर होता म्हणून आबा त्या चौदांत आले. चुलतीचाही तेवढाच हक्क होता, ताई. हे मला गिळवत नाही.

उरलेल्या गोळ्या परत द्यायला आलो तेव्हा तुम्ही त्या मोजून वहीत लिहिल्यात आणि मग आईचं कसं चाललंय ते विचारत बसलात. आई अजून सहाच्या एसटीला उठते.

पलीकडच्या तांड्यावर एक मावशी आहेत, छातीचा कॅन्सर आहे. दसरा झाला की लेक-सून कारखान्यावर जातील, मग घरी म्हातारा एकटाच. त्यांना तुमचा नंबर दिलाय. रस्ता खराब आहे, निघताना फोन करा. मी गाडी घेऊन फाट्यावर थांबतो.

तुमचा,
आबांचा थोरला