बंटीला सांगा, कॅप्टन खराच आहे

अटलांटा,
१६ नोव्हेंबर २०२५

आदरणीय आई-बाबा,
सविनय जय भीम.

मी मजेत आहे. थंडी सुरू झाली, पण आई, तू दिलेली शाल आणि दोन स्वेटर पुरतात, आणखी काही पाठवू नकोस. जेवण वेळेवर होतं, झोपही होते. व्हिडिओत चेहरा उतरलेला दिसतो तो स्वयंपाकघरातल्या दिव्यामुळे. फोनवर बोलताना बाबांच्या कानातलं यंत्र शिट्टी मारतं आणि अर्धं बोलणं त्यांच्यापर्यंत पोचतच नाही, म्हणून हे सावकाश लिहिलं. ताईला मोठ्या अक्षरात प्रिंट काढायला सांगितलं आहे.

आधी मामांच्या काळजीचं बोलते. पोरगी काळ्यांच्या वस्तीत राहते, तिला दुसरीकडे घर बघायला सांगा, असं ते म्हणाले म्हणे. आई, माझ्या घरमालकीणबाई शाळेच्या ग्रंथपाल होत्या, आता निवृत्त आहेत. वर त्या राहतात, खाली मी. माझी उशिराची पाळी असली की मी घरात शिरेपर्यंत त्या अंगणातला दिवा मालवत नाहीत. रात्री मी पायी कुठे जात नाही, गाडीनेच येते-जाते. टीव्हीवर अमेरिकेतला गोळीबार दाखवतात तो खोटा नाही, पण तो माझ्या दारात होत नाही. आणि मनातलं सांगू? मामांचं ते वाक्य मला लागलं. नागपुरात आपल्या इंदोरा वस्तीचं नाव घेतलं की रिक्षावाला मागेपुढे करायचा, आडनाव कळलं की भाड्याची खोली अचानक दुसऱ्याला दिलेली असायची. हे मामांनी माझ्यापेक्षा जास्त पाहिलं आहे. त्यांना उलट बोलले असं वाटून घेऊ नका, पण घर मी बदलणार नाही.

आता बंटीचं. कॅप्टन अमेरिका म्हणजे कॉमिक-सिनेमातला, अमेरिकेच्या झेंड्याच्या रंगांची ढाल घेऊन लढणारा सुपरहिरो. गेल्या रविवारी त्याने विचारलं, "मावशी, हा काळा कॅप्टन अमेरिका खोटा ना? खरा तर गोरा आहे ना?" मी "नाही रे, हाही खराच" म्हणाले आणि तेवढ्यात त्याची शिकवणीची वेळ झाली. पण तो प्रश्न डोक्यातून जाईना. हे त्याला आपल्या घरात कुणी शिकवलेलं नाही. इतकी वर्षं पडद्यावर जे दिसलं त्यातूनच ते त्याच्या मनात उतरलं. म्हणून नीट उत्तर लिहिते. बाबा, तुम्ही त्याला वाचून दाखवा, त्यात थोडं तुमच्यासाठीही आहे.

बंटी, या काळ्या कॅप्टनचं नाव सॅम विल्सन. १९६९ साली तो कॉमिकमध्ये 'फाल्कन' म्हणून आला. मोठ्या कंपनीच्या कॉमिकमधला पहिला आफ्रिकन-अमेरिकन सुपरहिरो म्हणून त्याचंच नाव घेतात. त्याच्या आधी, १९६६ मध्ये, ब्लॅक पँथर आला होता, पण तो आफ्रिकेतल्या एका काल्पनिक देशाचा राजा. सॅम अमेरिकेतलाच, न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीशी जोडलेला. बरीच वर्षं तो गोऱ्या कॅप्टनचा जोडीदार होता. २०१४ मध्ये कॉमिकमध्ये कॅप्टनची ढाल त्याच्याकडे आली. सिनेमात २०१९ मध्ये म्हातारा झालेला गोरा कॅप्टन, स्टीव्ह रॉजर्स, स्वतःच्या हाताने ढाल त्याला देतो. तुझ्या आधीच्या कॅप्टनने ज्याला निवडलं, तो खोटा कसा असेल?

पण खरी गोष्ट त्यानंतर सुरू होते, २०२१ च्या मालिकेत. मी ती घरमालकीणबाईंबरोबर पाहिली. सॅमला ढाल पेलवत नाही. ताकद कमी म्हणून नव्हे. हा झेंडा आपल्यासारख्यांचा आहे का, हा प्रश्न त्याला सोडत नाही. तो ती संग्रहालयाला देऊन टाकतो, आणि सरकार लगेच एका गोऱ्या सैनिकाला नवा कॅप्टन म्हणून उभं करतं. एका प्रसंगात सॅम बहिणीबरोबर बँकेत कर्ज मागायला जातो. जग वाचवणाऱ्यांतला हा माणूस! बँकेतला अधिकारी त्याला ओळखतो, कौतुक करतो, आणि कर्ज नाकारतो. बाबा, त्या प्रसंगाला मला तुमचा चेहरा दिसला. कौतुक करून परत पाठवणारे लोक तुम्ही किती पाहिलेत.

मग येतो आयझाया ब्रॅडली. कोरियाच्या युद्धात लढलेला हा काळा सैनिक. त्याच्या अंगात गोऱ्या कॅप्टनसारखंच ताकदीचं औषध टोचलेलं, पण त्याला पदक मिळालं नाही, तुरुंग मिळाला. तीस वर्षं कोंडून त्याच्यावर प्रयोग केले आणि त्याचं नाव कागदोपत्री पुसून टाकलं. आता तो म्हातारा झाला आहे आणि सॅमला म्हणतो की ही ढाल घेऊ नकोस. हे पात्र २००३ च्या कॉमिकमधून आलं. रॉबर्ट मोरालेस यांनी ते लिहिलं, काइल बेकर यांनी चित्रं काढली.

इथे बाईंनी रिमोटने चित्र थांबवलं आणि मला टस्कीगीची हकीकत सांगितली. आमच्या शेजारच्याच अलाबामा राज्यातली. १९३२ पासून १९७२ पर्यंत सरकारी आरोग्य खात्याने शेकडो गरीब काळ्या पुरुषांचा उपदंश मुद्दाम बरा केला नाही, रोग कसा वाढतो ते बघायला. पेनिसिलिन मिळू लागलं तेव्हाही दिलं नाही. तुमच्या रक्तात दोष आहे, एवढंच त्यांना सांगितलेलं. मी रोज लोकांच्या रक्ताचे नमुने तपासते, आई. नळीवर नाव चुकू नये म्हणून दोनदा वाचते. त्या माणसांची नळी कुणाच्या तरी हातात आली असणार, कुणीतरी रोज वहीत आकडे लिहिले असणार. त्या रात्री मी जेवले नाही. आता बरी आहे, काळजी करू नकोस.

सॅमने ढाल घेतली ती हे सगळं कळल्यावर, आयझायाला भेटून. आणि शेवटी त्याने संग्रहालयात आयझायाचा पुतळा आणि हकीकत लावून घेतली. बंटी, मला तो खरा वाटतो तो यासाठी. तो पोशाख अंगावर मिरवून तो थांबला नाही, जे पुसलं होतं ते त्याने परत लिहायला लावलं. नुसता चेहरा बदलून जुनीच गोष्ट सांगितली असती, तर तुझी शंका मी मान्य केली असती.

या वर्षी फेब्रुवारीत त्याचा चित्रपट आला तो आम्ही थिएटरात पाहिला. दिग्दर्शक ज्युलियस ओना मूळचे नायजेरियातले. मला मात्र तो मालिकेइतका भिडला नाही. लाल राक्षस झालेल्या राष्ट्राध्यक्षाशी मारामारी खूप आहे आणि आयझायाला पुन्हा तुरुंगात टाकून त्याचं दुःख घाईत उरकलं आहे.

पण थिएटरातली इथली एक पद्धत तुम्हाला सांगायलाच हवी, कारण मला ती समजायला फार वेळ लागला. आपल्याकडे खलनायक मेला की लोक उठतात, दारं उघडतात, दिवे लागतात. इथे सुपरहिरोचा चित्रपट संपला तरी कुणी उठत नाही. पडदा काळा होतो आणि खालून वर नावं सरकू लागतात. आधी नट, मग कॅमेरावाले, मग शिवणारे, रंगवणारे, तारा ओढणारे, जेवण पुरवणारे, हिशेब लिहिणारे, मग संगणकावर चित्रं करणाऱ्यांची शेकडो नावं. पाच मिनिटं, सात मिनिटं, कधी त्याहून जास्त. लहान मुलंसुद्धा हलत नाहीत. ज्यांना लघवीला जायचं असतं तेही दाबून बसतात. मला वाटायचं, हे लोक कामगारांचा मान राखतात. तसं नाही. नावांच्या अधेमधे आणि अगदी शेवटी एक छोटा प्रसंग दाखवतात, त्यात पुढच्या चित्रपटाची चाहूल असते. तो चुकला तर दुसऱ्या दिवशी कामावर सगळे त्याबद्दल बोलतात आणि आपण गप्प. कॅप्टन आणि ब्लॅक पँथर ज्यांचे, त्या मार्व्हल कंपनीने ही सवय २००८ मध्ये लावली, आणि त्या पहिल्या प्रसंगात अंधारातून पुढे आला तो निक फ्युरी हा हेरांचा प्रमुख, म्हणजे सॅम्युअल एल. जॅक्सन हे काळे नट. जुन्या कॉमिकात फ्युरी गोरा होता. नंतरच्या एका कॉमिकने त्याला जॅक्सन यांचा चेहरा दिला, आणि सिनेमाने तोच घेतला. जॅक्सन इथल्याच, अटलांटातल्या मोअरहाऊस कॉलेजात शिकले.

घरमालकीणबाई मात्र त्या शेवटच्या प्रसंगासाठी बसत नाहीत. त्या नावं वाचतात, तीही मोठ्याने. शेजारचे वळून बघतात तरी वाचतात. २०१८ मध्ये 'ब्लॅक पँथर' आला तेव्हा चर्चमधल्या सगळ्या बायकांनी रंगीत आफ्रिकी कपडे घालून एक अख्खी रांग भरली होती, असं त्या सांगतात. त्या नावांमध्ये वेशभूषेला रूथ कार्टर होत्या, कलादिग्दर्शनाला हॅना बीचलर. दोघींना ऑस्कर मिळालं, आणि आपापल्या विभागात ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या काळ्या स्त्रिया. चित्रपटाने जगभरात १३० कोटी डॉलरांच्या वर कमाई केली. काळा नायक परदेशात चालत नाही, असं या धंद्यातले लोक वर्षानुवर्षं सांगत आले होते. त्यानंतर ते म्हणणं अवघड झालं. बाईंना पैशाचं एवढं वाटत नाही. त्या म्हणतात, कपडा कुणी शिवला ते बघ, संवाद कुणी लिहिले ते बघ, मग सांग तो हिरो कुणाचा. मला हे पूर्ण पटलं आहे.

त्यांच्या बोलण्यावरूनच मी माइलस्टोनचा शोध घेतला. १९९३ मध्ये ड्वेन मॅकडफी आणि त्यांच्या कृष्णवर्णीय सहकाऱ्यांनी ही कॉमिक कंपनी काढली. छपाई-वितरण मोठ्या डीसी कंपनीचं, पण पात्रांची मालकी आपल्या हातात ठेवली. त्यांच्या 'स्टॅटिक' या पोराचं नाव व्हर्जिल हॉकिन्स. हे नाव त्यांनी फ्लोरिडातल्या एका खऱ्या माणसावरून घेतलं, ज्याला १९४९ मध्ये काळा म्हणून कायद्याच्या कॉलेजात प्रवेश नाकारला आणि जो वर्षानुवर्षं कोर्टात लढला. स्टॅटिकचं कार्टून आहे. बंटीला दाखवा, त्याला आवडेल.

बाबा, आता तुमचं. ब्लॅक पँथर हा राजा कॉमिकमध्ये आला जुलै १९६६ मध्ये, आणि कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमध्ये काळ्यांच्या हक्कांसाठी लढणारा ब्लॅक पँथर पक्ष निघाला त्याच वर्षी ऑक्टोबरात. मार्व्हलला त्या पक्षाशी नाव जोडलं जाणं नको होतं. १९७२ मध्ये काही काळ त्यांनी आपल्या हिरोला 'ब्लॅक लेपर्ड' म्हणवून घ्यायला लावलं. आणि त्याच १९७२ मध्ये मुंबईत नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार या पोरांनी ते नाव उघड्यावर घेतलं, दलित पँथर म्हणून. तुमच्या पेटीतल्या पिवळ्या कागदांत त्यांचा जाहीरनामा आहे ना? त्यात अमेरिकेतल्या पँथरशी नातं सांगितलं आहे. मी बाईंना ते सांगितलं तर त्या कितीतरी वेळ माझा हात धरून बसल्या. 'ब्लॅक पँथर' चित्रपटाची सुरुवातही ओकलंडमध्येच होते, दिग्दर्शक रायन कूगलर तिथलेच. तुम्ही तो चित्रपट बघावा अशी माझी फार इच्छा आहे. राजाचं काम करणारा चॅडविक बोझमन कर्करोग झालेला असताना, कुणाला न कळवता, तो चित्रपट करत होता. २०२० मध्ये तो गेला, अवघ्या त्रेचाळिसाव्या वर्षी.

आपल्या घरात मी जन्मल्यापासून भिंतीवर निळ्या कोटातले बाबासाहेब होते. आपलं मोठं कोण, हा प्रश्न मला कधी पडला नाही. बाईंच्या घरी डॉ. किंग यांचा फोटो होता, पण त्यांचा भाऊ आणायचा त्या कॉमिकच्या पानांत मात्र आपलं असं कुणी नव्हतं. १९७२ मध्ये ल्यूक केज हा काळा हिरो आला तेव्हा त्या भावाने अंक उशीखाली ठेवून झोप काढली, असं त्या सांगतात. बंटीने भिंतीवरचा फोटोही बघावा आणि सॅमलाही खरा मानावा, एवढंच मला वाटतं.

आता घरचं. स्लॅबसाठी दीड लाख पाठवले आहेत, पुढचे जानेवारीत पाठवते. माझ्या शिक्षणाच्या कर्जाचे हप्ते फेब्रुवारीत संपतील, त्यानंतर बाबांनी पतसंस्थेचं कर्ज अंगावर घ्यायची गरज नाही. गवंड्याला अजिबात आगाऊ देऊ नका. बाबांच्या डोळ्याच्या ऑपरेशनला मी आले नाही, दीक्षाभूमीलाही या वर्षी तुम्ही दोघंच गेलात. दादाने सगळं केलं. त्याला मी फोनवर नीट काही म्हणाले नाही, तुम्ही सांगा. व्हिसाच्या शिक्क्याची तारीख मिळाली की तिकीट काढते. उन्हाळ्यात येईन असं धरून चाला, पण शेजारी कुणाला सांगू नका.

अमरावतीच्या स्थळाबद्दल आई, मी नाही म्हटलेलं नाही. मुलगा पुण्यात आहे, त्याने इकडे यायचं की मी तिकडे जायचं, हे आधी आम्हा दोघांना बोलू दे. त्याचा नंबर ताईकडे द्या. मामांनी त्यांना अजून शब्द देऊ नये, आणि पत्रिकेचं तर कुणी नावच काढू नये. माझं वय वाढतंय हे मला कळतं. इथे कुणी आहे का असं तू ताईला विचारलंस, तर नाही, कुणी नाही.

बाबांनी गोळ्या जेवणानंतर घ्याव्यात.

तुमची,
सोनू

ता. क. कानाच्या यंत्राचे सेल इथून एका ओळखीच्या बाईंबरोबर पाठवते आहे, त्या डिसेंबरात नागपूरला येतील. त्यांच्यासाठी दोन किलो संत्रा बर्फी आणून ठेवा, पैसे मी दादाच्या खात्यात टाकले आहेत.