समेची वाट न बघता गायला शिकवणाऱ्या बाईंना

आदरणीय बाई,
सप्रेम सलाम.

परवा गानसंध्या संपली आणि लोक आमचं कौतुक करत होते, तेव्हा तुम्ही मागे खुर्च्या रचत होतात. मी तिथवर येईपर्यंत निघूनही गेलात. आभार चारचौघांतच मानायचे होते, म्हणून हे उघड पत्र.

आपल्या गायकवृंदातले आम्ही बासमधले, म्हणजे सर्वांत खालच्या सुरात गाणारे, पाचही जण भजनं गात वाढलेले. सगळ्यांनी एकच चाल धरायची आणि कान समेवर ठेवायचा, एवढंच ठाऊक. त्यात तुम्ही प्रेटोरियस या जर्मन संगीतकाराने १६०९ मध्ये चार आवाजांत बांधलेलं जर्मन गीत पुढे ठेवलंत. बायबलमधल्या यशया संदेष्ट्याच्या ग्रंथातल्या अकराव्या अध्यायातला, इशायाच्या (दावीद राजाच्या वडिलांच्या) बुंध्याला फुटणारा धुमारा हा त्याचा विषय. (धुमारा! मराठी पवित्र शास्त्रातला हा शब्द मला फार आवडतो.) पण त्या चालीत मात्रांची सारखी आवर्तनं नाहीत. आम्ही समेची वाट बघायचो, ती यायची नाही, आणि दुसऱ्या ओळीतच आमचं बिनसायचं.

तिसऱ्या तालमीला तुम्ही पियानोचं झाकण लावलंत आणि शब्द नुसते बोलायला लावलेत. “मात्रा मोजू नका. वाक्य कुठे संपतं ते बघा, तिथे श्वास घ्या.” पुढच्या वेळी प्रत्येकाच्या हातात तुमच्या अक्षरातला कागद होता, सगळे जर्मन शब्द देवनागरीत. कडेला सूचना : ओठ ‘ऊ’चे ठेवून ‘ई’ म्हणा. ‘नाख्ट’मधला ख घशातून, हलका. चोवीस जणांसाठी चोवीस कागद तुम्ही हाताने लिहिलेत. झेरॉक्स का नाही काढलीत, असं विचारल्यावर म्हणालात, प्रत्येकाची चूक वेगळी आहे. माझ्या कागदावर श्वासाच्या सात खुणा लाल पेनाने केलेल्या आहेत.

आणखी एका गोष्टीसाठी तुमचा ऋणी आहे. नाताळची गाणी घाला, लोक त्यासाठीच येतात, असा आग्रह बराच झाला. तुम्ही शांतपणे सांगितलंत, की नाताळाआधीचे हे चार रविवार वाट बघण्याचे आहेत. बाख या जर्मन संगीतकाराच्या काळात लाइपझिग शहरात यातल्या पहिल्या रविवारनंतर थेट नाताळापर्यंत चर्चमध्ये कांताटा, म्हणजे वाद्यांच्या साथीने गायच्या मोठ्या रचना, होत नसत, हेही तेव्हाच कळलं. म्हणून आपण इम्मानुएलला, म्हणजे येशूला, बोलावणाऱ्या गीतावर थांबलो. शेवटचा सूर विरल्यावर कोणी टाळी वाजवली नाही. बाहेरच्या रस्त्यावरची रिक्षा ऐकू येत होती. ती शांतता तुम्ही मिळवून दिलीत, बाई. मला ती सगळ्या गाण्यांहून मोलाची वाटली.

माझे वडील पहिल्यांदाच असलं गाणं ऐकायला आले होते. चाळीस वर्षं भजनात पेटी वाजवलेला माणूस. घरी जाताना म्हणाले, “खालचा सूर तुमचा होता ना? तो होता म्हणून वरचे उभे राहिले.”

कागद परत जमा करायला सांगितले आहेत, असं कळलं. माझ्या कागदाची झेरॉक्स रविवारी आणून देतो. मूळ कागद माझ्याकडे राहू द्याल का?

तुमचा,
बासमधला, उजवीकडून दुसरा