घरात मदतीला माणूस ठेवण्याविषयी

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

विनंती विशेष. हा विषय निघाला की तुम्ही दोघेही तो चहाच्या कपांबरोबर आवरून ठेवता, म्हणून मुद्दाम लिहून पाठवत आहे. बाबांसाठी रोज सकाळी काही तास एक प्रशिक्षित मदतनीस ठेवावा, असे दादाचे आणि माझे मत आहे.

आई, तुझे म्हणणे मला ठाऊक आहे. ‘मी धडधाकट असताना परक्या माणसाने यांचे का करावे?’ परंतु तुझीही पंचाहत्तरी उलटली आहे, मणक्यांची झीज एक्स-रेमध्ये दिसते आहे, आणि न्हाणीघरातल्या ओल्या फरशीवर बाबांचा तोल गेला तर तू त्यांना सावरू शकणार नाहीस. त्यांच्याबरोबर तूही पडशील. उतारवयात खुब्याचे हाड मोडले की शस्त्रक्रिया, अंथरूण आणि परावलंबन किती लांबते, ते आपण शेजारी पाहिले आहे.

वयाचे काय आणि आजाराचे काय, हेही एकदा वेगळे करायला हवे. तहान कमी लागणे, झोप सावध होणे, दंड-मांड्यांचे स्नायू उतरणे, हे वयोमानाने व्हायचेच. परंतु बाबांचे पाऊल उंबऱ्यापाशी खिळते, आवाज खोल जातो, ओळीच्या शेवटाकडे अक्षर मुंगीएवढे होते, हा पार्किन्सन्स आहे. हालचालींसाठी लागणारे डोपामिन हे रसायन तयार करणाऱ्या मेंदूतल्या पेशी घटत जातात आणि हालचालींचा वेग व सहजता हरवते. चेहऱ्यावर भाव उमटत नाहीत, तेही त्यामुळेच. तेव्हा ‘हे माझ्यावर रुसून बसतात’ ही तक्रार तू मागे घ्यावीस. (बाबा पूर्वीही फारसे हसत नसत, हे मान्य.)

गणपतीत घरी आले होते तेव्हा मी बाबांना शर्ट घालताना पाहत होते. गुंडी चिमटीत धरायची, काजात अर्धी सरकवायची, ती निसटली की पुन्हा शोधायची, असे त्यांचे शांतपणे चालले होते. दुसरी गुंडी लागते न लागते तोच तू स्वयंपाकघरातून आलीस आणि उरलेल्या सगळ्या भराभर लावून परत गेलीस, कारण गॅसवर कुकर होता. तुझे चुकले असे मी म्हणत नाही. एका माणसाने सगळे करायचे म्हटले की असेच होणार. परंतु जे त्यांना जमते ते त्यांनीच करावे, त्याला अर्धा तास लागला तरी लागू द्यावा, आणि त्या वेळात जवळ कोणीतरी नुसते उभे असावे, यासाठीच तर तो माणूस हवा आहे. पाय खिळला की हात धरून ओढायचे नसते, ओढल्याने तोल जातो. थांबू द्यायचे, वजन एका पायावरून दुसऱ्यावर घेऊ द्यायचे, ‘एक-दोन’ म्हणायचे, आणि जमिनीवरची एखादी रेघ ओलांडायला सांगायचे. रेघ दिसली की पुष्कळदा पाऊल सुटते. दादा रविवारी येऊन उंबऱ्याच्या दोन्ही बाजूंना रंगीत चिकटपट्ट्या लावून जाणार आहे. घर विद्रूप दिसते म्हणून कृपया काढू नये.

बाबा, आता तुमच्याविषयी. परक्या माणसाकडून अंघोळ घालून घेण्याचा तुम्हाला संकोच वाटतो, तो मी समजू शकते. परंतु तुम्ही खुर्चीवर बसून स्वतःच अंघोळ करायची आहे. पाठ आणि पाय तेवढे त्याने धुवायचे. ब्युरोतून पुरुष मदतनीसच पाठवा, असे आम्ही सांगितले आहे. परिचारिकेची गरज आज नाही. इंजेक्शन, जखमेची पट्टी, लघवीची नळी असे काही असते तर गोष्ट वेगळी होती. पैशांचा घोर तुम्ही लावून घेऊ नये. सत्तरीपुढच्या सर्वांसाठी केंद्राने 2024 मध्ये काढलेले आयुष्मान कार्ड रुग्णालयात दाखल होण्यासाठी आहे, घरच्या माणसाचा पगार त्यातून निघत नाही. तो दादा आणि मी मिळून देऊ.

आणखी एक. पार्किन्सन्सवरची सिंडोपाची गोळी तुम्ही सकाळी दुधाबरोबर घेता. दुधातली प्रथिने त्या औषधाच्या शोषणात आड येतात, म्हणून ती पाण्याबरोबर, खाण्याच्या अर्धा तास आधी घ्यावी. मळमळ होऊ लागली तर डॉक्टरांना विचारावे, स्वतः गोळी बंद करू नये. उठताना आधी पलंगाच्या कडेला पाय सोडून थोडे बसावे, कारण एकदम उभे राहिल्यावर रक्तदाब उतरतो. जेवताना ताठ बसावे आणि तोंडात घास असताना आईच्या प्रश्नांना उत्तरे देऊ नयेत.

औषधांच्या वेळांचा तक्ता मी मोठ्या अक्षरांत छापून पाठवला आहे, तो फाइलच्या पहिल्या पानावर लावावा. त्याखाली लाल शाईने लिहिले आहे की उलटीसाठी मेटोक्लोप्रमाइड, म्हणजे पेरिनॉर्म, देऊ नये. पार्किन्सन्समध्ये त्याने कंप आणि ताठरपणा वाढतो. कधी घाईने दाखल करावे लागले तर ही फाइल आधी डॉक्टरांच्या हातात द्यावी आणि गोळ्यांच्या वेळा तिथेही चुकू देऊ नयेत.

मदतनीस सोमवारी सात वाजता येईल. पहिला आठवडा मी तिथेच राहणार आहे. माणूस पटला नाही तर बदलून घेऊ, पण आठवडा पुरा होईपर्यंत त्याला परत पाठवू नये, ही दोघांनाही विनंती.

तुमची,
लेक