फॉर्म फॉर्म म्हणून भांडताय, पण नऊ नंबर आहे कुठं?

मा. संपादकसाहेब,
स.न.वि.वि.

१८ नोव्हेंबर २०२५ला ढाक्यात आपली फुटबॉल टीम बांगलादेशाकडनं १-० हरली, त्यानंतर तुमच्या वाचकांच्या पत्रांत जे काय चाललंय ते रोज वाचतोय. कोण म्हणतंय सुनील छेत्रीला परत बोलवा, कोण म्हणतंय छेत्रीमुळंच नवीन पोरं मागं राहिली, एकानं तर कोच खालिद जमीलला घरी पाठवा म्हणून लिहिलंय आणि आमच्या मंगळवार पेठेत चहाच्या गाड्यावर तीच पत्रं मोठ्यानं वाचून रोज संध्याकाळी दोन पार्ट्या पडतात. परवा गाडीवाला वैतागून म्हणाला, "मॅच ढाक्यात झाली नव्हं, मग कप माझे का फोडताय?"

राग येणारच हो. २००३ नंतर पहिल्यांदा बांगलादेशानं आपल्याला हरवलं. पण खरं सांगू का, ती मॅच तशी नावालाच होती, आपला इस्कोट त्याच्या आधी महिनाभर, १४ ऑक्टोबरला गोव्यात फातोर्ड्याला झाला होता. आम्ही वीस-बावीस जण तालमीच्या (आमच्याकडं फुटबॉलची टीमबी तालमीचीच असते) टीव्हीपुढं बसलेलो, चौदाव्या मिनिटाला आपल्या छांगटेनं लांबनं असा काय हाणला की आमच्यातल्या एकानं सगळ्यांचा चहा आपल्या नावावर सांगून टाकला. मग हाफटाइमच्या तोंडावर सिंगापूरच्या साँग उइ-याँगनं बरोबरी केली, ५८व्या मिनिटाला त्यानंच दुसरा घातला, आणि २०२७च्या आशिया कपचा आपला रस्ता बंद. चहाचं बिल मात्र त्याला द्यायला लागलं.

तेव्हापासनं फॉर्म हा शब्द ऐकून ऐकून कान किटलेत. ह्याचा फॉर्म गेला, त्याचा आलाच नाही. अरे मर्दा, फॉर्म काय झाडाला लागतो काय? आमच्या कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर सीझन सुरू व्हायच्या आधी पोरं महिनाभर पळाली नाहीत तर पहिल्याच मॅचला पायात गोळे येतात, हे आमच्या पेठेतल्या शेंबड्या पोरालाबी ठाऊक आहे. आयएसएलची, म्हणजे आपल्या देशातल्या मोठ्या लीगची, शेवटची मॅच झाली १२ एप्रिलला. पुढचा सीझन सप्टेंबरात सुरू व्हायचा तर फुटबॉल फेडरेशनचा आणि लीग चालवणाऱ्या कंपनीचा १५ वर्षांचा करार संपत आलेला, जुलैमध्येच लीग थांबवली, नोव्हेंबरात टेंडरची मुदत संपली तरी एकानंबी बोली लावली नाही. मध्ये ड्युरँड कप स्पर्धा झाली, त्यातबी सगळे क्लब उतरले नाहीत, सुपर कप सुरू झाला तो ऑक्टोबरच्या शेवटी, म्हणजे सिंगापूरकडनं हरून झाल्यावर. आणि आपण घरात सोफ्यावर बसून म्हणणार, पोरं दमल्यासारखी का खेळत्यात.

पण हे सगळं बोलून झाल्यावर गाड्यावरच्या एका म्हाताऱ्यानं (जुना स्टॉपर, म्हणजे मधला डिफेंडर आहे, गुडघे गेलेत पण डोकं शाबूत) मला एका वाक्यात गप्प केलं. म्हणाला, मार्चमध्ये तर लीग चालू होती की, तेव्हा ह्याच बांगलादेशाबरोबर शिलाँगला ०-० का केलं?

बरोबर आहे त्याचं. म्हणून मी मग घरी येऊन वहीत मांडलं. ढाक्यापर्यंत पात्रता फेरीत पाच मॅचेस झाल्या, पॉइंट दोन, गोल पण दोनच. त्यातला एक छांगटेचा, तो कडेनं खेळणारा. दुसरा रहीम अलीचा, सिंगापूरमध्ये ९०व्या मिनिटाला, आपल्या झिंगनला रेड कार्ड मिळून आपण दहा जण उरलेलो असताना, पोरानं कष्टानं काढला पण सिंगापूरवाल्यांनी मागं दिलेला पास हुकला म्हणून निघाला. बाकी तीन मॅचेसमध्ये भोपळा. हाँगकाँगला जूनमध्ये ०-० चाललेलं, आशिक कुरुनियननं समोरचा चान्स घालवला आणि इंज्युरी टाइमात त्यांना मिळालेल्या पेनल्टीवर हरलो. बरं ह्याच्या आधी मार्चमध्ये मालदीवला ३-० हरवलं तेव्हा आपण फटाके लावायचे बाकी ठेवले होते, तिथं गोल कुणी केले बघा: राहुल भेके, आपला मुंबईचा, पण तो डिफेंडर. लिस्टन कुलासो, गोव्याचा, तो विंगर, म्हणजे कडेचा. आणि तिसरा छेत्री, रिटायर होऊन परत आलेला, वय तेव्हा ४०. म्हणजे समोर गोलच्या तोंडाशी उभा राहणारा, ज्याला आम्ही नऊ नंबर म्हणतो तो, पंचवीस वर्षांचा भारतीय माणूस आहे कुठं? फॉर्म जायला आधी तो माणूस तर असायला पाहिजे का नको!

कारण काय ते सगळ्यांना माहीत आहे, बोलायला नको वाटतं एवढंच. आयएसएलमध्ये मैदानात एका वेळी चार परदेशी चालतात, आणि कुठल्याबी कोचला नोकरी टिकवायची असली की तो पहिला परदेशी नऊ नंबरला लावतो. २०२४-२५च्या सीझनला नॉर्थईस्ट क्लबच्या परदेशी अजारेनं २३ गोल मारले, भारतीयांत सगळ्यात जास्त छेत्रीचे १४. छेत्रीच्या नावानं बोटं मोडणाऱ्यांनी हा आकडा एकदा वाचावा, तो कुणाची जागा अडवून बसला नव्हता, रिकाम्या जागेवर बसला होता. आपला कोल्हापूरचा अनिकेत जाधव आणि हा रहीम अली, दोघं २०१७च्या सतरा वर्षांखालच्या वर्ल्डकपला एकाच टीममध्ये होते, अनिकेत तेव्हा पुढच्या फळीत खेळला तर अख्खं कोल्हापूर टीव्हीला चिकटलेलं. पुढं क्लबांत त्याला कडेलाच ढकललं, मध्ये जागा नाही. ढाक्याच्या वेळी फॉरवर्ड रायन विल्यम्सची सगळे वाट बघत होते, ऑस्ट्रेलियाचा पासपोर्ट सोडून आलाय, आई मूळची मुंबईची, येऊ दे की, स्वागतच आहे, पण तोबी तिशी ओलांडलेला आहे.

आता जरा आपल्या घरातलं. दिल्लीतल्या फेडरेशनला शिव्या घालणं सोपं आहे, पण आमच्या तालमीनं दोन सीझनमागं काय केलं? समोरच्या पेठेनं परदेशी फॉरवर्ड आणला म्हणून आपणबी आणायचा, ईर्षाच ती, मग वर्गणी काढली, मीबी पाचशे दिले, का नाही देणार, हलगी वाजायला लागली की खिशात हात जातोच. तो प्लेयर चांगला होता, गोल मारले, माणूस म्हणून तर लईच भारी, जाताना सगळ्यांच्या पाया पडून गेला. त्याचा काय दोष नाही. पण आमच्याच गल्लीतलं एक पोरगं, शाळेच्या टीमला नऊ नंबर खेळायचं, गोलसमोरच्या डीमध्ये पाठ गोलकडं करून बॉल असा अडवायचं की दोन-दोन स्टॉपर मागनं ढकलत असायचे तरी हलायचं नाही, ते त्या वर्षी राइट आउटला, म्हणजे उजव्या कडेला गेलं. कडेला नेऊन काय करणार ते, त्याला स्पीड नाही. मग बेंचवर. मी एका मॅचला मुद्दाम त्याच्याकडं बघत बसलो होतो, स्टॉकिंगवर टेप गुंडाळून पहिल्या मिनिटापासनं तयार, आणि काम काय तर पाण्याच्या बाटल्या पुढं सरकवायच्या, ८२व्या मिनिटाला आत सोडला तेव्हा आम्ही ३-०नं पुढं होतो. बॉलला पाय लागला असेल चार वेळा. मॅच संपल्यावर आम्ही परदेशी पाहुण्याला खांद्यावर घेतलं आणि ह्यानं बाटल्या गोळा केल्या.

आणखी एक गंमत सांगतो. २२ ऑक्टोबरला फातोर्ड्याला एफसी गोवा आणि सौदीच्या अल नासरची मॅच होती, रोनाल्डो येणार म्हणून आमच्या पेठेतली सात पोरं गाडी करून आंबोली घाटातनं गेली, दिवस दिवाळी पाडव्याचा, घरी बायकांनी ओवाळायचं ताट तसंच झाकून ठेवलेलं. रोनाल्डो आलाच नाही. पोरं रात्री दोनला तोंड पाडून परत, दुसऱ्या दिवशी गाड्यावर दिवसभर तोच विषय, रोनाल्डो का आला नाही, पैसे गेले, पाडवा गेला, बायको बोलत नाही. मी विचारलं मॅच कशी झाली? २-१ हरला गोवा. गोल कुणी मारला? तर सातांतल्या दोघांनाच नाव आठवलं. ब्रायसन फर्नांडिस, गोव्याचंच पोरगं, अल नासरसारख्या टीमला गोल घालतंय आणि आमच्या लोकांना तिकिटाचा हिशोब पाठ. हे म्हणे फुटबॉलवेडं कोल्हापूर!

तर संपादकसाहेब, तुम्हाला एवढंच मागणं आहे. शाहू स्टेडियमचा सीझन सुरू झाला की तुमच्या अंकात तालमींच्या मॅचेसचा रिझल्ट येतो, गोल कुणी मारले येतं, टायब्रेकर झाला तर तो येतो, प्रेक्षकांत बाटल्या फेकल्या तर ते चार कॉलम येतं. त्याच्या खाली बारीक टायपात एक ओळ टाका, प्रत्येक टीमचा नऊ नंबर कोण होता, कुठल्या गावचा, किती मिनिटं खेळला. जास्त काय नको. पोराच्या नावापुढं '८ मिनिटं' असं सीझनभर छापून यायला लागलं की त्याचा बाप तालमीत येऊन विचारेल, आणि पेपरात आलेल्या गोष्टीला पेठेत उत्तर द्यायला लागतं. वर्गणी देणाऱ्या माझ्यासारख्यालाबी.

जागा कमी पडत असेल तर आमच्या मंडळांच्या अभिनंदनाच्या जाहिराती जरा लहान छापा, आम्ही काय म्हणणार नाही. म्हणजे म्हणू, पण तुम्ही ऐकू नका.

आपला,
मंगळवार पेठेतला एक जुना वाचक, कोल्हापूर